गवताची हजामत

दसऱ्याला पंधरवडा उरला की म्हैसूरच्या आमच्या वसाहतीत एक परिपत्रक फिरते : आवारातील ‘वाढलेले गवत’ तत्काळ काढावे. यंदाही ते फिरले, आणि दोन दिवसांत कुंपणालगतचा काश, आमच्या दारचा वाळा व शेजाऱ्यांनी हौसेने लावलेले शोभेचे गवत यांची एकाच यंत्राने सरसकट हजामत झाली. सायंकाळी ढीग पेटविण्यात आला. परिपत्रकाखालची सही मराठी होती, म्हणून हा प्रपंच.

ही टापटीप आपण शिकलो कोणाकडून? विलायतेकडून म्हणावे, तर तिकडील जाणते माळी नेमके उलट सांगतात. जर्मनीच्या कार्ल फोर्स्टर (१८७४–१९७०) यांनी शोभेच्या गवतांना बागेत मान मिळवून दिला. त्या थंड मुलखात शरदात गवताला हात लावू नये असे मानतात. वाळली पाती ठोंबावर पांघरुणासारखी राहतात. कापणी होते ती हिवाळा सरताना, नवे कोंब येण्याआधी, वीतभर खुंट राखून.

म्हैसुरात हिम पडत नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. पण येथे ऑक्टोबर हा पावसाचा महिना. जमिनीसरसा कापलेला ठोंब उघडा पडतो, त्यात पाणी मुरते आणि तो कुजू लागतो. शिवाय हेच दिवस गवताने दाणा धरण्याचे. मनोल्यांचे थवे त्या दाण्यावर जगतात. आपण गणपतीला दुर्वांची जुडी वाहतो, खंडेनवमीस विळ्याला हळदकुंकू लावतो. मात्र काश तुऱ्यावर आला की आपल्याला अस्वच्छता दिसते!

वृंदावन बागेची आखीव हिरवळ पाहून आपली दृष्टी बिघडली असावी. त्या बागेची रचना करणारे क्रुंबिगेल १८९३ साली बडोद्यास गायकवाडांच्या चाकरीत आले, पुढे बंगळूरला गेले. म्हणजे आपल्यासारखेच मुलूख बदलीत राहिलेले. पण त्यांची हिरवळ कृष्णराजसागराच्या पाण्यावर पोसली आहे, वसाहतीच्या नळावर नव्हे.

साप येतात, हे उत्तर ठरलेलेच. तर पायवाटेच्या दोन्ही बाजू आणि मुलांचे अंगण अवश्य मोकळे करावे. परदेशी फाउंटन ग्रासचे तुरेही बी पडण्यापूर्वी खुडावेत. हवाई बेटांत ते रानोमाळ पसरून वणव्यांना कारण झाले आहे. बाकीचे गवत फाल्गुनापर्यंत उभे राहू द्यावे. मग वळिवाआधी कापावे, आणि कापलेले न जाळता झाडांच्या बुंध्याशी अंथरावे. चैत्रवैशाखात ओल टिकते.

आमच्या वाळ्याचा ठोंब दोन बदल्यांतून, ओल्या गोणपाटात गुंडाळून, आमच्याबरोबर आला होता. मुळे शाबूत असतील तर तो फुटेलही. पुढील वर्षीच्या परिपत्रकाचा मसुदा मात्र आमच्याच टेबलावर तयार व्हावयाचा आहे. त्यात ‘तत्काळ’ऐवजी ‘फाल्गुनात’ असे घालून तो आम्ही सहीसाठी पाठविणार आहोत.