सिंगल रोप किट घेण्याआधी दुसऱ्या माणसाची मजुरी धरा

झाडछाटणीच्या धंद्यात उतरताय आणि सिंगल रोपचे परदेशी व्हिडिओ बघून लगेच किट मागवायला निघालात? जरा थांबा.

पद्धत चांगलीच आहे, वाद नाही. दुहेरी दोरात दोर फांदीवरून सरकतो. एक मीटर वर जायला दोन मीटर दोर ओढावा लागतो. सिंगल रोपमध्ये दोर जागेवर राहतो आणि माणूस पायांच्या ताकदीवर चढतो. उंच रेन ट्रीवर हा फरक दुपारनंतर कळतो, हात भरून येत नाहीत.

पण दोर वरच्या फांदीवरून घेऊन खाली बुंध्याला बांधला, तर ८० किलोच्या माणसाचा जवळपास १६० किलो भार त्या फांदीवर येतो. गुलमोहराची फांदी कशी फसवते, माहितीये ना? शिवाय एकेरी दोरावर सगळं वजन घेतलेली नुसती प्रुसिक गाठ आवळून बसते, उतरताना सुटत नाही. त्यासाठी वेगळं उपकरण लागतं. (कामं नारळाचीच जास्त असतील तर विषयच संपला. तिथे दोर टाकायला फांदीच नाही!)

माझं मत स्पष्ट आहे. पहिला पैसा खाली उभ्या राहणाऱ्या, शिकलेल्या दुसऱ्या माणसावर घाला. वरचा बेशुद्ध पडला तर त्याला उतरवणार कोण? बुंध्याशी दोर असा बांधायला शिका की खालूनच हळूहळू सोडता येईल. सोसायटीला कोटेशन देताना या माणसाची मजुरी वेगळ्या ओळीत लिहा. सेक्रेटरी घासाघीस करतीलच. छाटणीच्या दरात थोडं कमी करा, ती ओळ खोडू नका.