उत्तम आर्जव आणि अमेरिकेचा अर्ज



दोन वर्षांपूर्वीच्या पर्युषणातली गोष्ट. दशलक्षणाचा तिसरा दिवस, म्हणजे उत्तम आर्जवाचा. मंदिरात प्रवचन ऐकून मी बहिणीकडे गेले, तर भाची लॅपटॉप उघडून रडवेली बसलेली. वय तेरा, इयत्ता आठवी. समोर अमेरिकेतल्या बोर्डिंग शाळांचा अर्ज.

‘मावशी, यातली मुलगी मी नाहीच आहे,’ ती म्हणाली.

मी वाचलं. सल्लागाराने तिच्या नावाने निबंध लिहून पाठवला होता. त्यात तिने पांजरपोळातल्या जखमी जनावरांसाठी मुलांचं मंडळ काढलं होतं, निधी जमवला होता, दर रविवारी तिथे राबत होती. खरं एवढंच, की आजोबांच्या वाढदिवसाला ती दोनदा त्यांच्याबरोबर गाईंना चारा घालायला गेली होती. नुकतंच ऐकून आले होते, मनात एक, बोलण्यात दुसरं आणि करण्यात तिसरं असू नये म्हणजे आर्जव. आणि घरी येऊन बघते तो जीवदयेच्या नावावरच खोटं चाललेलं.

हल्ली आपल्यातही बऱ्याच घरांत या शाळांचं नाव निघतं. कुणाचे दीर न्यू जर्सीत, कुणाची नणंद बोस्टनजवळ. म्हणून या शाळा काय आहेत ते आधी सांगते. मॅसॅच्युसेट्समधली फिलिप्स अकादमी अँडोव्हर १७७८ सालची, न्यू हॅम्पशायरमधली फिलिप्स एक्झेटर १७८१ सालची. चोट, डिअरफील्ड, लॉरेन्सव्हिल ही अशीच नामांकित नावं. नववी ते बारावीची मुलं तिथे राहून शिकतात. एक्झेटरला १९३० पासून बारा-तेरा मुलं आणि शिक्षक एका लंबगोल टेबलाभोवती बसून चर्चा करत शिकतात. फळ्याकडे तोंड करून गप्प बसणं तिथे चालत नाही. राहण्या-जेवणासह वर्षाचा खर्च सत्तर हजार डॉलरच्या वर, म्हणजे आपले साठ लाखांहून जास्तच धरा. आणि सर्वांत नावाजलेल्या शाळांत शंभर अर्जांतले दहा-पंधराच स्वीकारले जातात.

मुलांना शिकायला दूर ठेवणं आपल्याला नवीन नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतली खेड्यातली मुलं कोल्हापूर-सांगलीच्या जैन बोर्डिंगमध्ये राहूनच शिकली. कर्मवीर भाऊराव पाटीलही कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले होते. पुढे १९१९ साली त्यांनीच रयत शिक्षण संस्था काढली. तेव्हा ‘पोरीला एवढ्या लांब कशाला?’ असं मी म्हणणार नाही. जाऊ दे तिला. माझं म्हणणं अर्जाबद्दल आहे.

बहिणीचं म्हणणं होतं, ‘अक्का, सगळेच असं करतात. आपण एकटे खरं लिहून मागे पडायचं का?’ तिची चूक म्हणवत नाही. आईच्या पोटातली भीतीच ती. सल्लागाराने काही लाख घेतलेले, त्यामुळे तो म्हणेल ते खरं वाटत होतं.

पण अर्जात काय काय मागतात ते बघा. मुलीचे निबंध. इंग्रजीच्या आणि गणिताच्या शिक्षकांची पत्रं, जी आपल्याला दाखवत नाहीत. आईवडिलांनी मुलीबद्दल लिहायचं वेगळं टिपण. मुलीची मुलाखत, आणि बऱ्याच ठिकाणी आईवडिलांशीही बोलणं. शिवाय बऱ्याच ठिकाणी एसएसएटी नावाची परीक्षा. तिच्यात एक लेखनाचा भाग असतो. मुलीने तिथल्या तिथे बसून लिहायचं. त्याला गुण नसतात, पण ते लिखाण जसंच्या तसं शाळेकडे जातं. म्हणजे एका हातात सल्लागाराचं गुळगुळीत इंग्रजी आणि दुसऱ्या हातात आपल्या पोरीचं खरं लिखाण. वर्षानुवर्षं अर्ज वाचणाऱ्या माणसांना फरक कळत नसेल का? आणि मुलाखतीत कुणी विचारलं, ‘त्या पांजरपोळात जनावरं किती आहेत?’ तर तेरा वर्षांच्या मुलीने काय सांगायचं?

त्याच परीक्षेतली आणखी एक गोष्ट मला फार आवडली. आठवी आणि त्यापुढच्या मुलांच्या पेपरात बरोबर उत्तराला एक गुण, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा, आणि प्रश्न सोडून दिला तर शून्य. येत नसेल तर जागा मोकळी ठेवा, ठोकून देऊ नका. भाचीनेच हे आईला सांगितलं आणि म्हणाली, ‘मम्मी, मी काही केलं नसेल तर ती जागा पण मोकळीच ठेवूया की.’

आणि पकडले जाण्याची गोष्ट सोडून देऊ. समजा कुणालाच कळलं नाही, प्रवेश मिळाला. मग ती मुलगी चार वर्षं तिथे त्या खोट्या मुलीच्या जागेवर राहणार. घरापासून हजारो मैल लांब, नवी भाषा, नवे लोक, आणि मनात रोज एकच, की यांनी मला निवडलंच नाही, दुसऱ्याच कुणालातरी निवडलंय. एवढं ओझं आपण स्वतःच्या हाताने लेकराच्या बॅगेत भरायचं का?

मदत करूच नये असं नाही. वाक्य कुठे अडलं, व्याकरण कुठे चुकलं, हे शिक्षकांनी दाखवावं. आईने विचारावं, ‘तुला तेव्हा काय वाटलं होतं?’ तेवढं चालतं. पण प्रसंग तिचा, विचार तिचा, शब्द तिचे.

आणि आपल्या बाजूचाही अर्ज असतो, बरं का. फीमध्ये सवलत हवी असेल तर आईवडिलांनी उत्पन्न, घर, जमीन, बँक, सगळं कागदोपत्री मांडावं लागतं. अँडोव्हरसारख्या थोड्या शाळा प्रवेश ठरवताना घरची ऐपत बघत नाहीत, पण कित्येक शाळांत मदतीचा पैसा मोजका असतो. तो एकाला दिला की दुसऱ्याला कमी पडतो. दुकानाचं खातं एक आणि अर्जातलं दुसरं, असं करून घेतलेली मदत कुठल्यातरी गरीब पोराच्या ताटातली असते. अचौर्य व्रताचा अर्थ याहून वेगळा कुणी सांगितला नाही मला.

भाचीने निबंध पुन्हा लिहिला. विषय काढला रात्रीभोजनाचा. क्लास संध्याकाळी सातपर्यंत, म्हणून ती मधल्या सुट्टीत जिन्यात बसून डबा खायची. मैत्रिणी हसायच्या. एकदा सगळ्यांबरोबर रात्री नऊला पावभाजी खाल्ली, घरी सांगितलं नाही, आणि आज्जीने दुसऱ्या दिवशी सहज ‘जेवलीस का गं काल?’ विचारलं तेव्हा खोटं बोलली. मग आठ दिवसांनी स्वतःहून सांगितलं. हे सगळं तिने लिहिलं. बहीण कपाळाला हात लावून बसली. ‘परक्यांना हे कशाला सांगायचं?’ मी म्हटलं, ‘आपल्यालाही आत्ताच कळतंय ना? राहू दे.’

त्या निबंधामुळे एक बरं झालं. घरात खरं बोलणं सुरू झालं. न्यू इंग्लंडमध्ये डिसेंबरात सूर्य साडेचारच्या आत मावळतो. दुपारी शाळा, मग सक्तीचे खेळ, त्यानंतर जेवण. शाकाहारी जेवण मिळतं, पण कांदा, बटाटा, जिलेटिन, अंडं घातलेला केक, हे सगळं तिचं तिनेच बघायचं. सांगायला आज्जी नाही. तेव्हा कोणता नियम पाळणार, कोणता सोडणार? पूर्वी आम्ही विचारलं असतं तर तिने ‘सगळं पाळेन’ म्हणून मोकळी झाली असती. त्या दिवशी म्हणाली, ‘मांस-अंडं नाही, हे नक्की. सूर्यास्ताचं हिवाळ्यात जमेल का, मला माहीत नाही.’ आज्जी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘खरं बोललीस, बास.’

१० मार्चला बहुतेक शाळांचे निकाल येतात. पाच अर्ज होते. तीन नकार, एक प्रतीक्षा यादी, एक होकार. होकार देणाऱ्या शाळेने दिलेली मदत पुरेना, म्हणून गेली नाही. खरं लिहिलं म्हणून प्रवेश मिळाला अशी गोष्ट मला सांगता येत नाही. खोटं लिहिलं असतं तर काय झालं असतं, तेही सांगता येत नाही. भाची चार दिवस रडली. सोसायटीत दोघीतिघींनी ‘एवढं करून काय मिळालं?’ विचारलं, ते बहिणीला लागलं.

आता ती दहावीत आहे. मागच्या महिन्यात मला म्हणाली, ‘मावशी, तो निबंध मी अजून ठेवलाय. बारावीनंतर परत बघू.’ आजोबांबरोबर पांजरपोळात आता अधूनमधून जाते. कुठे लिहायला म्हणून नाही, आजोबांना गुडघ्याने एकट्याला जमत नाही म्हणून.

मैत्रिणींनो, यंदा तुमच्या घरात असा अर्ज भरला जात असेल तर एकच करा. निबंध पाठवण्याआधी लेकीला शेजारी बसवा, तो मोठ्याने वाचायला लावा आणि तिच्या चेहऱ्याकडे बघा. वाचताना ती अडखळली, नजर चुकवली, तर ते वाक्य काढून टाका. कितीही सुंदर असलं तरी.

जय जिनेंद्र.