पावतीबुकातली माणसं

३१ जुलैला लळिंगला या. धुळ्याजवळच्या त्या डोंगरावर, लांडोर बंगल्यात, १९३७ साली बाबासाहेब मुक्कामाला होते. अजून दरसाल तिथं माणूस नुसता लोटतो. निळे झेंडे, भोंगे, घोषणा. आणि गर्दीत पावतीबुकं घेऊन फिरणारी आपली पोरं. नाव, रक्कम, सही. फाडली पावती, झाला सभासद! स्थळप्रत जाते कुठं? कार्यकर्त्याच्या माळ्यावर, उंदरांच्या तोंडी.

मग गायरानाचा मोर्चा निघतो. घसे फुटतात. शिष्टमंडळ आत जातं. साहेब विचारतो, "कुटुंबं किती? गाव? गट नंबर? कब्जा कधीपासून?" आम्ही म्हणतो, "हजारो!" साहेब हसतो. चीड येते, पण गाढवपणा आमचाच. बाहेर उन्हात बसलेली आजी विचारते, "भाऊ, तुमना कागदमा मन्हं नाव शे का?" नव्हतं. तिच्या पिशवीत आमच्या पाच वर्षांच्या पावत्या होत्या.

२८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयानं १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात भूमिहीनांनी शेतीसाठी केलेली गायरानावरची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. कब्जा दाखवायला काय लागतं? तलाठ्याच्या गाव नमुना १-ई मधली नोंद, पीकपाहणी, दंडाची पावती. बघा मजा! सरकारनं दंड म्हणून फाडलेली पावती आजीच्या कामाची, आणि चळवळीची पावती भजी बांधायच्या लायकीची! ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं गायरानं मोकळी करा म्हटलं, नोटिसा सुटल्या. आपल्या कुठल्या सभासदाच्या दारावर नोटीस लागली, हे किती शाखांना सांगता आलं?

बाबासाहेबांनी १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन कमिशनपुढे शिक्षणाचं निवेदन ठेवलं, ते आकडे मांडून. कुठल्या थरातली हजारी किती पोरं शाळेत, हा हिशेब. आम्ही त्यांचा फोटो घेतला, हिशेब टाकून दिला.

म्हणून सभासदाच्या नावापुढं गट नंबर लिहा. नोटीस कधी आली, जातीचा दाखला कुठं अडला, अॅट्रॉसिटीची केस कुठं कुजतेय, तेही लिहा. १९९५ च्या नियमांप्रमाणे जिल्ह्याची दक्षता समिती तीन महिन्यांतून एकदा तरी बसलीच पाहिजे. तिच्या तारखेआधी वही उघडायची, नावानिशी प्रश्न न्यायचे. मिळालेलं उत्तर त्याच नावापुढं टिपायचं आणि त्या घरी जाऊन सांगायचं. हे शेवटचं काम कुणी करत नाही, कारण तिथं हार पडत नाहीत.

मोबाइलवर तक्ते बनवणारी पोरं आता आपल्यात आहेत. बनवा. पण साक्षीदाराचा पत्ता ग्रुपवर टाकलात तर त्याच्या घरावर दगड येतील. आणि निवडणुकीत यादी विकणाऱ्या पुढाऱ्याला तर वहीचा वाससुद्धा लागू देऊ नका. वही शाखेतल्या दोघांच्या ताब्यात राहील, त्यातली एक बाई.

आमच्या नव्या वहीत आजीचं नाव पहिल्या पानावर आहे. गट नंबरचा रकाना अजून कोरा आहे. तलाठी सोमवारी सापडतो म्हणतात. दोघंजण जाणार आहेत.