राज्य घेण्याचा हक्क

आज ३ डिसेंबर, जागतिक दिव्यांग दिन. तालुक्याच्या सभागृहात साहित्यवाटप होईल, हारतुरे होतील, फोटो निघतील. त्या व्यासपीठावर सहसा नसते ती अंगणवाडी सेविका. खेड्यातल्या दिव्यांग मुलाची पहिली शिक्षिका तीच, आणि पोराचे काहीतरी वेगळे आहे हे पुष्कळदा आईबापांच्या आधी तिच्याच ध्यानात येते. घरातले एकुलते एक मूल हाकेला वळत नाही तेव्हा ‘आपल्याच नादात असतो’ म्हणून सोडून देता येते. चटईवर वीस मुले वळतात आणि एक वळत नाही, तेव्हा तसे सोडता येत नाही.

कायद्याला मात्र हे मूल सहाव्या वर्षी दिसते. २००९चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाचा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारची दिव्यांगत्वे मान्य केली, पण लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलांना मोफत शिक्षणाचा जो हक्क दिला तोही ६ ते १८ वयासाठीच. त्याआधीच्या वर्षांबद्दल घटनेच्या ४५व्या कलमात शासनाने प्रयत्न करावा, एवढेच म्हटले आहे. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला खरा. पण धोरण दाखवून कुणाला कोर्टात जाब विचारता येत नाही.

शहरातले प्ले ग्रुप अशा मुलाला गोड बोलून वाटेला लावतात. ‘त्यालाच इथे त्रास होईल हो,’ हे वाक्य कितीतरी पालकांना पाठ झाले आहे. अंगणवाडीला ती सोय नाही. दारात आलेले मूल आत घ्यायचेच. पण आत घेतले म्हणजे सामावून घेतले, असे नव्हे. खेळात लिंबूटिंबू असतो ना, तो धावतो, ओरडतो, पण आउट होत नाही आणि त्याच्यावर कधी राज्य येत नाही. ‘बसतो बापडा कोपऱ्यात, कुणाला त्रास नाही त्याचा,’ असे ज्याच्याबद्दल कौतुकाने सांगितले जाते, तो वर्गातला लिंबूटिंबू.

एका अंगणवाडीत वेगळे पाहायला मिळाले. चार वर्षांचा एक मुलगा बोलत नाही, हजेरीला ‘हजर’ म्हणत नाही. ताईंनी दोरीवर प्रत्येक मुलाचे एक चित्र अडकवले. आल्यावर ते उलटे करायचे, झाली हजेरी. याचे चित्र बैलाचे. युक्ती एकासाठी काढली, पण लावली सगळ्यांना; त्यामुळे ती त्याची खूण ठरली नाही. खिचडीच्या वेळी ताटल्यांचा खणखणाट झाला की तो कानांवर हात दाबून भिंतीकडे तोंड करायचा. मदतनीस आता गोणपाट अंथरून ताटल्या एकेक ठेवते. पायात कॅलिपर घालणारी एक मुलगी आहे. ‘मामाचं पत्र’ खेळताना तिच्यावरही राज्य येते. फक्त तिच्यामागे धावणाऱ्याने लंगडी घालायची. हा नियम ताईंचा नाही, मुलांनीच काढलेला. मागचा पोर दोनदा आपटला तेव्हा ती सर्वांत मोठ्याने हसली.

यातले काहीही खर्चाचे नाही, म्हणून ते सोपे आहे असे मात्र कुणी समजू नये. एका मुलाचा कानांवरचा हात दिसायला बाईंची नजर मोकळी लागते. ती अडकलेली असते वजन-उंचीत, पोषण ट्रॅकरच्या रकान्यांत, गृहभेटींत, लसीकरणाच्या याद्यांत. आणि हे सारे मानधनावर. सेविका पगारी शिक्षिका नाही, हे सरकार कधी विसरत नाही. कामे लावताना तेवढे विसरते.

मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, हा विचार १९४५ मध्ये बोर्डीत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आचरणात आणला. पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत तो रुजला, आणि १९७५ मध्ये केंद्राची एकात्मिक बालविकास योजना आली ती अंगणवाडीच्या रूपाने. दिव्यांग मुलांच्या बाबतीत आपण नेमके उलटे चाललो आहोत. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल काढला: लवकर ओळखा, सामावून घ्या, पुढे पाठवा. पहिली दोन कामे सेविकेच्या हातातली. तिसरे अडते ते एसटीच्या तिकिटावर. बाळाला घेऊन जिल्ह्याच्या उपचार केंद्रात जायचे तर आईची दिवसाची मजुरी बुडते, आणि वाचा-उपचार किंवा व्यायाम म्हणजे एका खेपेत संपणारी गोष्ट नव्हे. दोन-तीन खेपांनंतर पुढे पाठवल्याची चिठ्ठी घरातल्या फळीवर पडून राहते. मग पाठपुरावा का झाला नाही, म्हणून विचारणा होते ती सेविकेलाच.

तेव्हा उपचारतज्ज्ञाने महिन्यातून ठरलेल्या दिवशी परिसरातल्या एका अंगणवाडीत येऊन बसावे. मुलाचे व्यायाम आईला आणि ताईंना त्याच चटईवर करून दाखवावेत. जिल्ह्याच्या नियोजनात या फिरतीसाठी गाडी आणि माणूस यांची तरतूद या आर्थिक वर्षातच व्हायला हवी. आज चार वर्षांचे असलेले मूल त्यापुढच्या वर्षी पाच पूर्ण करील.