धड बघा, पंख नको

कुंडीतला कढीपत्ता कुरतडलेला दिसला की आपला हात आधी फवाऱ्याकडे जातो. त्याआधी पानं जरा निरखून बघावीत. पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही चिकटलेलं दिसलं, तर ती बहुधा कॉमन मॉरमॉन या फुलपाखराची अळी असते. चार वेळा कात टाकून ती पानासारखीच हिरवीगार होते. काडीने डिवचा, डोक्यामागून लालसर दुबेळकं शिंग बाहेर येतं आणि असा उग्र दर्प सुटतो की आपणच मागे सरतो. फोडणीला चार पानं कमी पडली तर पडू द्यावीत.

कारण पुढे हिची मादी निघाली, तर ती पट्टीची बहुरूपी. नर सगळे एका छापाचे : काळे, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. माद्या मात्र काही नरासारख्या, काही थेट कॉमन रोझ या वेगळ्याच फुलपाखरासारख्या, तर काही त्याच्याच गोतातल्या क्रिमसन रोझसारख्या. ही सगळी एकाच जातीची रूपं आहेत, हे आल्फ्रेड रसेल वॉलेसने 1865 मध्येच मांडलं होतं. नक्कल रोझचीच का? रोझच्या अळ्या ईश्वरीच्या वेलावर पोसतात, त्या वेलाचं विष अंगात मुरवतात आणि ते फुलपाखरातही उतरतं. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा वाटेला जात नाही. त्यामुळे रोझ उडते तीही रमतगमत, कुणाची भीती नसल्यासारखी. कढीपत्त्या-लिंबावर वाढलेल्या मॉरमॉनच्या अंगात असलं काही नसतं, नुसता आव असतो. अस्सल-नक्कल ओळखायची तर पंख सोडून धड बघावं. रोझचं लाल, मॉरमॉनचं काळं.

पंखांवरचा हा सगळा पसारा ‘डबलसेक्स’ नावाच्या एकाच जनुकाच्या हाती आहे, हे 2014 मध्ये कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. मुळात नर-मादीचा भेद घडवणारं हे जनुक. महाराष्ट्राने 2015 मध्ये राज्य फुलपाखराचा मान दिला तो हिच्याच गोतातल्या ब्लू मॉरमॉनला, म्हणजे राणी पाकोळीला. देखणी आहे, वादच नाही. पण मला विचाराल तर माझं मत या कढीपत्तावालीला.

मग सगळ्याच माद्या सोंग का घेत नाहीत? तोतये फार झाले की पक्ष्यांना दर थोड्या वेळाने चविष्ट घास मिळू लागतो आणि लाल-पांढऱ्या नक्षीचा धाक उरत नाही. म्हणजे मॉरमॉनचं सोंग चालायला आसपास खऱ्या रोझ हव्यात, आणि रोझसाठी ईश्वरी. आपण मात्र ‘बटरफ्लाय गार्डन’ म्हणून घाणेरी नि एक्झोरा लावून मोकळे होतो. त्यांचा मध प्यायला फुलपाखरं येतात खरी, पण रोझला अंडी घालायला ईश्वरीचंच पान लागतं. परवा एका रोपवाटिकेत तो वेल मागितला. मालकांनी विचारलं, “फुलं मोठी येतात का हो त्याला?”