राजवाड्यातील हास्य

राजघराण्याच्या कथेत हास्य आले म्हणजे त्या घराण्याचा मान उणावतो, असा समज पुष्कळ पालकांचा दिसतो. क्रांती चौकातील शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्यावरून नित्य जाणाऱ्या मुलांच्या ठायी थोरांविषयी आदर असावा, हे आम्हांसही इष्टच वाटते. परंतु हास्याने तो जातो, हे आम्हांस मान्य नाही. कोणास हसावयाचे, हा खरा प्रश्न होय.

दूरदर्शनवर १९८८ ते १९९० या काळात दाखविलेल्या 'महाभारत' मालिकेतील विराटपुत्र उत्तर पाहावा. अंतःपुरात पराक्रमाच्या बढाया मारणारा हा राजपुत्र कौरवांचे सैन्य दृष्टीस पडताच पळत सुटतो, आणि बृहन्नडेच्या वेषातील अर्जुन त्यास धरून आणतो! अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली रंगभूमीवर आणलेल्या 'सौभद्रा'त शीघ्रकोपी बलराम यतिवेषधारी अर्जुनास खरा साधू मानून बहिणीस त्याच्याच सेवेस लावतो. (अर्जुनास वेषांतराची हौस दांडगी!) दोन्हीकडे हसे होते ते गर्वाचे व हट्टाचे, आणि तेही राजकुलातील.

उलट हल्लीच्या कित्येक मालिकांत राजा तेवढा गंभीर, आणि तोतरा किंवा ढेरपोट्या सेवक हास्यास्पद. हीच नक्कल शाळांच्या स्नेहसंमेलनांत उतरते. बोलताना अडखळणाऱ्या मुलास द्वारपालाचे सोंग देतात. सभागृह खदखदून हसते, आणि त्याचे आईबाप माना खाली घालून बसतात. यंदा उत्तराचे सोंग वर्गातील सर्वांत धीट मुलास द्यावे, व त्या अडखळणाऱ्यास अर्जुन करावे, अशी आमची सूचना आहे.