राणीच्या बागेत मुलं नेणाऱ्यांना

कळसाडी, जि. नंदुरबार



भायखळ्याच्या राणीच्या बागेत लेकरांना घेऊन जाणाऱ्या आईबाबांनो आणि सहलीच्या गुरुजींनो, मन फार दुखावलं म्हणून हे पत्र. उर्वशीच्या झाडाखाली एका चिमुरडीने वर बोट दाखवून विचारलं, "ते काय लोंबतंय?" बरोबरच्या बाई म्हणाल्या, "काही नाही गं, नुसती झाडं आहेत. चल, पेंग्विनची रांग वाढेल." हे उत्तर मी त्या बागेत एकदाच ऐकलं असतं, तर लिहायला बसलो नसतो.

ती उर्वशी मूळची ब्रह्मदेशातली. तिथल्या रानातही ती आता क्वचितच सापडते. लालभडक फुलांचे हातभर लांब घोस खाली सुटलेले असतात आणि पाकळीच्या टोकाशी पिवळा ठिपका असतो. कोवळी पालवी तर इतकी मलूल, तांबूस लोंबते की झाड आजारी आहे असं वाटावं. तिला बी फारसं धरत नाही. नवं रोप हवं तर माळ्याला गुटी बांधावी लागते. झाड गेलं की त्याच्या जागी दुसरं आपोआप उगवत नाही, हे त्या पोरीला कुणीतरी सांगायला हवं होतं.

पुढे कैलासपती. फुलं फांदीच्या शेंड्याला न येता थेट खोडावर येतात, फळं तोफगोळ्यांएवढी. आणि सीतेचा अशोक, खरा अशोक! सोसायटीच्या कुंपणाला लावतात त्या उंच सरळ झाडालाच मुलं अशोक समजून मोठी होतात.

ही बाग १८६२ साली लोकांना खुली झाली ती झाडांसाठी. प्राणी मागाहून आले, पेंग्विन तर २०१६ साली. तिथे ३,००० हून अधिक झाडं आहेत. २००७ साली बागेचा कायापालट करण्याचा बेत निघाला आणि झाडांवर गदा यायची वेळ आली, तेव्हा मूठभर मुंबईकर या झाडांसाठी वर्षानुवर्षं भांडले. तिथे बागडून मोठे झालेले बाकीचे लाखो लोक कुठे होते?

आमच्या जिल्ह्यात मोहाला कुणी नुसतं झाड म्हणत नाही. त्याची फुलं वेचून घर चालतं, बियांचं, म्हणजे टोळंबीचं तेल निघतं. पण त्याच रानातली आमरी, म्हणजे ऑर्किड, फुलली की बांडगूळ समजून ओरबाडणारे आमच्याकडेही आहेत. ती झाडाचा रस शोषत नाही, फांदीचा फक्त आधार घेते. तेव्हा हे दुखणं एकट्या मुंबईचं नाही, हे मला ठाऊक आहे. पण तुमच्या मुलांना जगभरची झाडं एका फाटकाच्या आत मिळतात. आमची मुलं त्यासाठी रात्रभराचा प्रवास करून येतात.

पेंग्विन जरूर दाखवा. पण आधी उर्वशीखाली थांबा, आणि मूल "हे काय?" म्हणेल तेव्हा त्याला नाव सांगा. ठाऊक नसेल तर तिथल्या माळ्याला विचारा.

आपला,
कळसाडीचा एक शिक्षक